बारा मिनिटांचा व्हिडिओ अडीच मिनिटांवर कसा आणायचा?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी वीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम करतोय. वर्षभरापासून यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो. ते दहा-बारा मिनिटांचे होतात. बघणारे पहिल्या मिनिटातच निघून जातात आणि जे थांबतात ते फोन करून नेमकं तेच विचारतात, जे मी व्हिडिओत सांगितलेलं असतं. छोटे पण कामाचे व्हिडिओ कसे करायचे? चांगला कॅमेरा घ्यावा लागेल का?"

कॅमेऱ्याचं आधी सांगून टाकते: घेऊ नका. हातातला फोन पुरेसा आहे. पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायचा माईक आणि फोन वरून खाली रोखून धरणारा स्टँड घ्या. तुमची अडचण सुरू होते ती कॅमेरा हातात घेण्याच्या बरीच आधी, विषय ठरवताना.

मी गेली चौदा वर्षं शिकवणारे व्हिडिओ करते. आधी कारखान्यांतल्या कामगारांसाठी, आता ऑनलाइन बघणाऱ्यांसाठी. सुरुवातीची काही वर्षं माझे व्हिडिओ तासाला उभ्या राहिलेल्या शिक्षकासारखे असायचे. ओळख, पार्श्वभूमी, भागांची नावं, मग कृती, मग उजळणी. एकदा एका वर्कशॉपमध्ये माझाच व्हिडिओ लावून काम करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसायची वेळ आली. त्याचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले, फोन खिळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला. व्हिडिओत माझी ओळख सुरू झाली तशी त्याने बोटाच्या मागच्या पेराने स्क्रीनवर टकटक करून दहा सेकंद पुढे ढकललं. पुन्हा टकटक, पुन्हा टकटक. त्या नादात हवा तो भाग मागे राहिला, मग उलटं यावं लागलं. अखेर सापडलेला चार सेकंदांचा एकच तुकडा त्याने पाच वेळा पाहिला, कारण त्या चार सेकंदांत माझा हात पान्याच्या आड गेला होता. व्हिडिओ नऊ मिनिटांचा होता. त्याला हवी होती त्यातली चाळीस सेकंदं, आणि तीच मी नीट दाखवली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरून आहे. शिकवणारा व्हिडिओ लावणारा माणूस अडलेला असतो. तुमच्या बाबतीत त्याचं कापड सुईखाली अडकलंय, मशीन मध्येच बंद ठेवलंय, एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने तो फोनवर शोधतोय. शिलाई मशीनची सगळी माहिती मिळवायला तो आलेला नाही. पुढचा टाका नीट पडावा, एवढंच त्याला हवंय.

आता तुम्ही पाठवलेला 'मशीनमधले नेहमीचे बिघाड' हा व्हिडिओ बघू. मी तो दोनदा पाहिला. त्यात पाच बिघाड आहेत: दोरा तुटणं, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होणं, टाके सुटणं, सुई मोडणं आणि मशीन जड चालणं. बारा मिनिटांत पाच, म्हणजे एकेकाला दोन-अडीच मिनिटं. याहून कमी वेळात हे सांगताही आलं नसतं, इतकं तुम्ही नेमकं बोलता. तरीही माणसं पळतात, कारण ज्याला गुंता सोडवायचाय त्याला तो तिसऱ्या मिनिटाला सुरू होतो हे कसं कळणार? तो पहिलं मिनिट बघतो, तिथे दोरा तुटण्याची गोष्ट चाललेली असते, तो दुसरीकडे जातो. म्हणजे तुमच्याकडे एक लांबलेला व्हिडिओ नसून पाच छोटे व्हिडिओ एकाला एक चिकटलेले आहेत. ते सुटे करा. छोटा करायचा तो प्रश्न. तो छोटा झाला की व्हिडिओची लांबी आपोआप आटोक्यात येते.

चित्रीकरणाआधी कागदावर एक वाक्य लिहायचं: "हा व्हिडिओ संपल्यावर बघणारा अमुक करू शकेल." अमुकच्या जागी डोळ्यांना दिसणारी कृती हवी. 'दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, समजेल' चालणार नाही, कारण समजलेलं दिसत नाही. 'गुंता काढून, दोरा पुन्हा ओवून सरळ टाका घालेल' चालेल. वाक्यात दुसऱ्यांदा 'आणि शिवाय' आलं, तर दुसरा व्हिडिओ सुरू झाला असं समजा.

शीर्षकही त्याच्याच शब्दांत. गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन "वरच्या दोऱ्याचा ताण बिघडलाय" असं म्हणत नाही. ते म्हणतं, "खालून दोऱ्याचा गोळा होतोय." तो शोधतानाही हेच शब्द टाकतो. वीस वर्षांत लोक काय काय म्हणत तुमच्या दारात आले, ते एका वहीत उतरवून काढा. अशी यादी घरबसल्या व्हिडिओ करणाऱ्या कुणाकडेही नसते आणि ती विकतही मिळत नाही.

किती मिनिटांचा असावा, हे सगळेच विचारतात. २०१४ साली फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ८६२ व्हिडिओंचा अभ्यास केला. व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी त्यांनी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक काळ (निम्मे बघणारे ज्याच्या आतच थांबतात तो) सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असं त्यांना दिसलं. तेव्हापासून 'सहा मिनिटं' हा नियम असल्यासारखा सांगितला जातो. तो आकडा बसून ऐकायच्या व्याख्यानांचा आहे. तुमचा बघणारा हातात काम घेऊन बसलाय. त्याला चाळीस सेकंदं पुरतील किंवा पूर्ण सर्व्हिसिंग करताना चाळीस मिनिटंही तो सोबत राहील. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. व्याख्यान लोक एका दमात ऐकतात, कृती दाखवणारा व्हिडिओ मात्र मागे-पुढे करत, हवा तो भाग पुन्हा पुन्हा बघतात. तेव्हा आपला व्हिडिओ कुठूनही उघडला तरी कळेल असा बांधायला हवा.

व्हिडिओ लांबण्यामागे दोन ओढी असतात. एक बाहेरची. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशी ठरवताना किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ बघितला याला वजन द्यायला सुरुवात केली. मध्येच जाहिरात लावण्यासाठी व्हिडिओ निदान दहा मिनिटांचा असावा लागायचा. २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली. दीड मिनिटाची गोष्ट ओढूनताणून साडेआठ मिनिटांची का होते, ते यावरून कळेल. पोटापाण्याचा प्रश्न असतो, त्यामुळे तसं करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुम्हाला लोक शोधत येतात ते तुमच्या हातातल्या कसबासाठी, आणि अडीच मिनिटांत ज्याचं मशीन सुरू झालं तो मशीन बिघडल्यावर पुन्हा तुमच्याकडेच येईल. जाहिरातींवर चालणारा चॅनेल आणि कामावर चालणारा चॅनेल यांतलं काय हवंय, ते एकदा ठरवून टाका.

दुसरी ओढ आतली, आणि ती जास्त चिवट आहे. ज्याला येतं त्याला, न येणाऱ्याला काय दिसत नाही हे दिसेनासं होतं. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली फक्त तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चाललेलं असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुम्ही "दोरा इथून असा घ्या" म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात वीस वर्षांचं गाणं चालू असतं. त्यामुळे आपल्याला जे सोपं वाटतं ते आपण एका झटक्यात उरकतो आणि जे रंजक वाटतं ते लांबवतो. बघणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं.

त्यावरचा माझा उपाय असा. बोलायला सुरुवात करण्याआधी ते काम तीनदा करते आणि तिन्ही वेळा गप्प राहून हात काय करतायत तेवढंच लिहिते. तिसऱ्या खेपेला अशा हालचाली हाती लागतात, ज्या आपण करतो हे आपल्यालाच ठाऊक नसतं. तुमच्या व्हिडिओत मला अशी एक सापडली. गुंता सोडवताना दोरा ओवण्याआधी तुम्ही डाव्या हाताने मागची कळ उचलून फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर केलात. बोललात काहीच नाही, कॅमेराही तिकडे नव्हता. आणि उपाय तर तिथेच आहे! फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे दोरा त्यांच्या मधे न बसता वरवरून जातो. वरच्या दोऱ्यावर ताण राहत नाही, खालचा दोरा त्याला खाली ओढत राहतो आणि कापडाच्या उलट्या बाजूला गोळा होतो. फोन करणाऱ्यांनी तुमचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला असणार. फूट खालीच ठेवून त्यांनी दोरा ओवला, गुंता पुन्हा झाला, म्हणून फोन केला.

हाच व्हिडिओ मी केला असता तर कसा, ते लिहून दाखवते.

पहिली पाच सेकंदं कापड उलटं करून गुंत्याचा क्लोजअप. आवाज: "कापडाखाली असा गोळा होतोय? चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. दोरा पुन्हा ओवू या." नमस्कार नाही, नाव नाही, नाव चॅनेलवर आहेच. पुढची पाच सेकंदं त्याच कापडावरचा दुरुस्तीनंतरचा सरळ टाका, दोन्ही बाजूंनी. आपण योग्य जागी आलोय, एवढं बघणाऱ्याला या दहा सेकंदांत कळायला हवं.

मग प्लग काढलेला दिसतो. गुंता कात्रीने कापून कापड सोडवायचं. ओढायचं नाही, सुई वाकते. आता ती कळ. कॅमेरा जवळ. "मागची कळ उचला, फूट वर." इथे मी बोलणं थांबवते आणि चित्र दोन सेकंद तसंच ठेवते. "फूट वर असेल तरच दोरा या चकत्यांच्या आत बसतो." चकत्या उघडमीट करताना दोनदा दाखवायच्या. हे पंधरा सेकंदांचं काम आहे आणि अख्खा व्हिडिओ त्यासाठीच आहे, म्हणून इथे घाई करायची नाही. नंतर चाक आपल्याकडे फिरवून सुई वर आणायची आणि रिळापासून सुईपर्यंत दोरा ओवायचा. वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकावर पुन्हा थांबायचं, कारण हे भोक चुकलं तरी असाच गुंता होतो.

शेवटी तपासणी. फूट वर ठेवून दोरा ओढा: अलगद येतो. फूट खाली करून ओढा: अडतो, जोर लावावा लागतो. "अडला म्हणजे बरोबर बसला. अलगद आला तर पुन्हा ओवा." मग खालचा दोरा वर घेऊन, दोन्ही टोकं मागे धरून चार टाके. कापड उलटं करून दाखवायचं. संपलं. "एवढं करूनही गुंता होत असेल तर बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, तपासा, तो व्हिडिओ खाली आहे."

हे सगळं माझ्या बोलण्याच्या वेगाने अडीच मिनिटांच्या आत बसतं. दोरा अडला की नाही ही तपासणी घातल्यावर तुमचे निम्मे फोन थांबावेत, कारण आपलं बरोबर झालंय की नाही हे माणसाला स्वतःलाच कळतं. जो व्हिडिओ कृती दाखवतो पण झालेलं काम ओळखायचं कसं हे सांगत नाही, तो मला अपुरा वाटतो, मग तो कितीही देखणा असो.

छोटा करताना काय कापायचं नाही, याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. ओळख कापा, मशीनचा इतिहास कापा, 'आज आपण पाहणार आहोत' कापा, लाइक-सबस्क्राइबचं आर्जव कापा, एकच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणं कापा. हाताची हालचाल मध्येच कापू नका. हात दोऱ्याकडे निघालाय आणि पुढच्या फ्रेमला दोरा ओवलेला, असं झालं की बघणाऱ्याचा धागाच तुटतो. आणि सुरक्षेचं कधीच कापू नका. सुई बदलण्याच्या माझ्या एका व्हिडिओत प्लग काढण्याची दोन सेकंदं मी 'हे काय सांगायचं' म्हणून काढून टाकली होती. एका बाईंनी कळवलं की सुई बसवताना त्यांचा पाय चुकून पेडलवर पडला आणि सुई बोटाला चाटून गेली. मी तो व्हिडिओ त्याच दिवशी काढला आणि पुन्हा केला. त्या दोन सेकंदांची किंमत तेव्हा कळली.

आणखी एक धोका छोट्या, सफाईदार व्हिडिओंचाच असतो. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना टेबलावरची भांडी न पाडता खालचं कापड खेचून काढण्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना वीसदा. वीसदा बघणाऱ्यांचा 'हे मला जमेल' हा विश्वास वाढला. डार्ट मारणं, मूनवॉक अशा कामांत त्यांनी प्रत्यक्ष कौशल्यही मोजलं. ते नुसतं बघून वाढलं नव्हतं. बघणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. म्हणून मी मोक्याच्या जागी स्पष्ट म्हणते, "इथे व्हिडिओ थांबवा, एवढं करा, मग पुढे चला." आपणहून व्हिडिओ थांबवायला सांगणं काहींना विचित्र वाटतं. माझ्या मते शिकवण्याची खरी जागा तीच, कारण त्या वेळी काम त्याच्या हातात असतं.

आता चित्रीकरण. तुम्ही मशीनच्या पलीकडे कॅमेरा ठेवता, त्यामुळे तुमचा उजवा हात बघणाऱ्याला डावीकडे दिसतो आणि प्रत्येक पायरीला त्याला मनात उलटापालट करावी लागते. कॅमेरा तुमच्या खांद्यावरून, तुमच्या डोळ्यांना दिसतं तसा लावा. लोगन फिओरेला, रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विजेचं सर्किट जोडण्याच्या व्हिडिओंवर हेच तपासलं होतं. करणाऱ्याच्या नजरेतून चित्रित केलेला व्हिडिओ बघणाऱ्यांना ते काम जास्त चांगलं जमलं. स्टँड घ्या म्हटलं ते यासाठी. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा टाळा; तो काही फोनवर चित्र आरशासारखं उलटवतो.

फ्रेममध्ये काम मावेल इतकंच घ्या. बहुतेक जण बोटभर उंचीच्या चित्रात तुमची सुई बघणार आहेत. सुईचं भोक दाखवायचं तर सुईने फ्रेमची निम्मी उंची तरी व्यापावी आणि सुईमागे पांढरा कागद धरावा. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कायम होतो. नाहीतर हात आत-बाहेर झाला की चित्र उजळतं-मंदावतं. उजेड बाजूने येऊ द्या. मशीनचा धातू चकाकत असेल तर दिव्याच्या पुढे थोडं अंतर ठेवून ट्रेसिंग पेपर लावा. दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. आणि लेन्स पुसा. तेलाच्या बोटांनी हाताळलेल्या फोनची लेन्स धुरकट असतेच.

आवाजावर मात्र चित्राहून जास्त मेहनत घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की बंद करतात. माईकचं तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून माईक जवळ हवा. कॉलरवर, तोंडापासून वीतभर. त्याहून सोपं म्हणजे काम करताना बोलूच नका. आधी हात चित्रित करा, मग चित्र बघत, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसून आवाज वेगळा रेकॉर्ड करा. हात आणि तोंड एकदम चालवताना जी 'तर मग, हे बघा, आता काय करायचं' अशी भर पडते ती यात आपोआप गळते. मशीनचा मूळ आवाज मात्र हळू ठेवा, पुसू नका. नीट चालणारं मशीन कसं वाजतं हीसुद्धा माहिती आहे आणि ती तुमच्याइतकी कोणालाच कळत नाही. पार्श्वसंगीत नको. मेयर यांचं अनेक वर्षांचं काम हेच सांगतं की विषयाशी संबंध नसलेले आवाज आणि चित्रं काढून टाकली की शिकणाऱ्याला जास्त कळतं.

शब्दांचं एक पथ्य. काम करणारा माणूस निम्मा वेळ आपल्या मशीनकडे बघत असतो, तुमच्याकडे नाही. "हे इथून असं घ्या" हे त्याला नुसतं ऐकू येतं. त्याऐवजी "दोरा चकत्यांच्या मधून खाली, मग वळवून वर, दांड्याच्या भोकातून उजवीकडून डावीकडे" असं म्हणा. ही दिशा मशीनगणिक बदलते, म्हणून कोणत्या मशीनवर दाखवताय ते सुरुवातीला पडद्यावर लिहा. उलट कित्येक जण आवाज बंद ठेवून बघतात, आणि काहींना ऐकू येत नाही. त्यांना नुसत्या चित्रावर काम भागवावं लागतं. म्हणून तयार व्हिडिओ मी दोनदा तपासते: एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. दोन्ही वेळा काम करता आलं पाहिजे.

बोलताय तेच परिच्छेदच्या परिच्छेद पडद्यावर लिहू नका. वाचू की बघू, अशी ओढाताण होते. भागाचं नाव त्या भागाच्या शेजारीच, तेवढ्या क्षणापुरतं दाखवा. सबटायटल वेगळी द्या, ज्याला हवी तो लावेल. आपोआप बनणारी सबटायटल तशीच सोडू नका. 'बॉबीन', 'शटल', 'फूट' अशा धंद्यातल्या शब्दांचं ती काहीही करतात. एकदा बसून हाताने दुरुस्त करा.

एखादा व्हिडिओ तीन-चार मिनिटांच्या पुढे गेलाच तर त्यात टप्पे करून द्या. यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहिल्या की ते होतं: पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन टप्पे हवेत आणि प्रत्येक निदान दहा सेकंदांचा. टप्प्यांना 'भाग १' अशी नावं नकोत. 'चकत्यांत दोरा बसवणे' असं लिहा.

आकडे व्हिडिओत बोलू नका, खाली लिहा. कोणत्या जाडीच्या कापडाला कोणत्या क्रमांकाची सुई, हे ऐकून कोणाच्या लक्षात राहतं? तो तक्ता वर्णनात असला की माणूस चटकन बघतो. खरं तर काही प्रश्नांना व्हिडिओ लागतच नाही, चार ओळी आणि एक फोटो पुरतो. हालचाल दाखवायची असेल, आवाज ऐकवायचा असेल, 'किती घट्ट' हे दिसावं लागत असेल, तिथेच व्हिडिओ करा.

टाकण्याआधी एक गोष्ट कराच. ज्याला हे काम येत नाही अशा एकाला मशीनसमोर बसवा, व्हिडिओ द्या आणि शेजारी गप्प बसा. गप्प बसणं कठीण जातं, तोंडातून "अहो, तिथे नाही" निघतंच. नाही बोलायचं. त्याचा हात जिथे थबकतो, जिथे तो व्हिडिओ मागे नेतो, त्या वेळा लिहून घ्या. तीन माणसं एकाच जागी थबकली तर चूक व्हिडिओची आहे. तेवढा तुकडा पुन्हा चित्रित करा. मी आजही प्रत्येक व्हिडिओ निदान दोघांवर तपासते, आणि बहुतेक वेळा काहीतरी बदलावं लागतंच.

टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक किती टिकले याचा आलेख बघा, पण तो वाचायची पद्धत वेगळी ठेवा. रेष जिथे वर उसळते तिथे लोक तोच भाग पुन्हा बघतायत. तो भाग एकतर सगळ्यात कामाचा आहे, नाहीतर नीट दिसत नाहीये. स्वतः उघडून बघा, कळेल. जिथे खळगा पडतो तिथे लोक पुढे ढकलतायत, पुढच्या वेळी ते कापा. आणि दोरा अडल्याच्या तपासणीनंतर रेष धाडकन खाली आली तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचं काम झालंय, तो शिवायला बसलाय.

पाचपैकी पहिला दोऱ्याच्या गुंत्याचाच करा, कारण त्याबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात. जुना बारा मिनिटांचा व्हिडिओ लगेच काढू नका. पाच नवे तयार झाले की त्याच्या वर्णनात पाचांचे दुवे द्या. आणि गुंत्याच्या व्हिडिओत फूट उचलताना कॅमेरा मागच्या कळीवर आहे ना, एवढं चित्रीकरण संपवून स्टँड गुंडाळण्याआधी एकदा फोनमध्ये बघून घ्या.